कुणाच्याच वाट्याचा नसलेला खर्च

माझा धाकटा भाऊ फ्रिज दुरुस्त करतो. गल्लीत त्याला सगळे 'गारेगार' म्हणतात, स्वभाव मात्र तापट. दुसऱ्याच्या घरचं दूध नासू नये म्हणून भरल्या ताटावरून उठून जाईल, पण स्वतःचा संसार काही त्याला सांभाळता आला नाही.

घटस्फोट झाला तेव्हा भाची शाळेत होती. तेव्हाच कागदावर ठरलं, की शिक्षणाची फी बापाने भरायची आणि राहणं-खाणं, कपडालत्ता, औषधपाणी आईने बघायचं. दोघांनी ते इमानाने पाळलं. कुणी उशीर केला नाही, आणि कुणी एक पैसा जास्तही दिला नाही. भाऊ अभिमानाने म्हणायचा, "ताई, माझ्या बाजूने लीकेज नाही." मी प्रार्थनेला बसले की त्याच्यासाठी सुबुद्धी मागायची, भावजयीसाठीही. ती आता आमची कुणी नाही, पण जीभ अजून भावजयच म्हणते.

भाची यंदा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. भूगर्भशास्त्र शिकते, म्हणजे दगड. "आमच्या घरात दगड कमी होते का," असं तिची आईच म्हणाली होती. या वर्षी त्यांना अभ्यासासाठी डोंगरात नेतात. तिथे गेल्याशिवाय वर्ष पुरं होत नाही. प्रवास, तंबू, बूट, हातोडी, सगळ्याचा खर्च वेगळा. बापाला विचारलं तर म्हणाला, "फीच्या पावतीत आहे का? नाही ना? मग आईला विचार." आई म्हणाली, "कॉलेजचं आहे ना? मग बाबाला विचार." कागदाप्रमाणे दोघंही बरोबर. पोर पुन्हा कुणालाच विचारायला गेली नाही.

परवा दुपारी भावाला तिचा फोन आला. "बाबा, केकचं काचेचं कपाट गार होत नाहीये. मालक रडकुंडीला आलाय. येतोस?" कुणा ओळखीच्याचं असेल म्हणून हा हत्यारांची पिशवी घेऊन गेला. बघतो तर केकच्या दुकानात, काउंटरमागे, एप्रन बांधून आणि केसांना जाळी लावून त्याचीच मुलगी उभी.

"तू इथे काय करतेस?"

"काम. दोन महिने झाले. आधी कपाट बघ ना, क्रीम उतरायला लागलंय."

त्याने जमिनीवर आडवं होऊन खालची पट्टी काढली. कॉइल धुळीने आणि मैद्याने पार बुजली होती. तो साफ करत होता आणि मालक कौतुकाने सांगत होता, "पोरगी सोन्यासारखी आहे हो. कधी सुट्टी मागत नाही. मला तर वाटलं, हिला मागेपुढे कुणी नाही."

भाऊ म्हणतो, "ताई, काम झालं होतं, तरी मी तोंड बाहेर काढलं नाही. तसाच पडून राहिलो."

शेवटी उठला आणि तिला बाजूला घेऊन म्हणाला, "डोंगराचे सगळे पैसे मी देतो."

"भरले मी, बाबा. पण यादीत माझं नाव नाही. दुपारचे तास बुडाले ना, हजेरी कमी पडली."

"मग सांगायचं नाही का?"

"कोणाच्या वाट्याचं आहे ते कळेना."

हे ती रागाने बोलली नाही म्हणे. तेच त्याला जास्त लागलं.

तिथून तो थेट भावजयीच्या लॅबमध्ये गेला. ती तपासणीसाठी रक्त घेते. मान खाली घालूनच तिने विचारलं, "उपाशीपोटी आलात का?" मग वर बघितलं. "तू होय? इतकी वर्षं माझं रक्त प्यायलास, आता द्यायला आलास?"

त्याने घडलेलं सांगितलं. हातातला कापसाचा बोळा हातातच ठेवून ती ऐकत राहिली. "पैसे होते रे माझ्याकडे," ती म्हणाली. "तू आधी पुढे होतोस का, तेवढंच बघत बसले."

आज सकाळी दोघं मिळून कॉलेजच्या विभागप्रमुख बाईंना भेटले. बाई म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे. तास का बुडवले? आजारी होती का?" हो म्हणणं सोपं होतं. आजारपणाचा दाखला मिळवणं भावजयीला काही जड नव्हतं. पण तिने ती वाट धरली नाही. भाऊ म्हणाला, "आजारी नव्हती. पैसे होते आमच्याकडे. तू भर की मी भरू, या हट्टापायी आम्ही पोरीला कामाला लावलं."

"दोघांनी," भावजय म्हणाली.

बाईंनी यादीत नाव घातलं. बुडालेले तास सुट्टीत भरून काढायचे, या अटीवर.

संध्याकाळी भाऊ माझ्याकडे आला. मी प्रार्थनेला बसले होते, तर शेजारी येऊन बसला. एरवी कधी बसत नाही. म्हणाला, "तिला विचारलं, आणखी काय काय लागतंय. म्हणाली, काही नको, आहे सगळं." मग म्हणाला, "लहान असताना किती हट्ट करायची गं. दुकान दिसलं की हे हवं, ते हवं. मी ओरडायचो."

मी म्हटलं, "देव क्षमा करतो रे."

"देवाचं ठीक आहे, ताई."

जेवायला थांब म्हटलं तर थांबला नाही. तो गेल्यावर मी पुन्हा प्रार्थनेला बसले. आज त्याच्यासाठी सुबुद्धी मागितली नाही. पोरीने त्याच्याकडे काहीतरी मागावं, एवढंच मागितलं.