तीर्थपुरीच्या मंचावरचे राक्षसी तारे

सुट्टीत लोक महाबळेश्वरला जातात. मी तीर्थपुरीला गेलो, कारण सुजाता. माझे जुने सहकारी खरात सर, त्यांची ही मुलगी. दूरच्या ताऱ्यांभोवती ग्रह शोधायचे, हे तिचं पुण्यातलं काम. सर ज्या शाळेतून निवृत्त झाले तिथे तिचं भाषण होतं. ‘‘लेक काय करते म्हणून इचारलं की मी नुसतं वर बोट दाखवतो. एकदा तिच्या तोंडून ऐकू द्या,’’ सर म्हणाले.

जालन्याहून घनसावंगीपर्यंत एसटी. स्टँडसमोरची भजी खा, चहा टाळा. पुढे शेअर जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली म्हणजे काय ते ड्रायव्हर ठरवतो.

दाटीवाटीत मी सुजाताला विचारलं, ‘‘एवढ्या ताऱ्यांतून बघायचे कुठले, हे ठरवता कसं?’’

‘‘आधी गाळतो, काका. ग्रह पुढून गेला की ताऱ्याचा उजेड किंचित उतरतो, तेवढंच आम्हाला दिसतं. म्हणून तारा लहान हवा, शांत हवा, जवळचा हवा, शेजारी गर्दी नको.’’

‘‘सोयरीकच बघून राह्यली की गं,’’ शेजारची बाई म्हणाली.

‘‘तसंच, मावशी. फक्त मोठं घराणं नको. राक्षसी ताऱ्यापुढून पृथ्वीएवढा ग्रह गेला तरी त्याला पत्ता लागत नाही.’’

शाळेच्या मंचावर निवड उलटी झाली होती. सगळी मोठी घराणी पहिल्या रांगेत, सुजाता टोकाच्या खुर्चीवर. प्रत्येकाला शाल, श्रीफळ. मग प्रत्येकाचे ‘दोन शब्द’. एका पाहुण्यांनी आपल्या उसाबद्दल सांगितलं, दुसऱ्यांनी पहिल्यांबद्दल. मुलं उन्हात बसून टाळ्या वाजवत होती.

सुजाता माईकशी आली तेव्हा शाळा सुटली होती. वाड्या-वस्त्यांवरच्या मुली दप्तरं उचलून जीपकडे पळत होत्या.

‘‘तारा निवडताना...’’ तिने सुरुवात केली.

‘‘वेळेअभावी आता आभार,’’ सूत्रसंचालकाने माईक घेतला.

खरात सर उभे राहिले. ‘‘थांबा की. पोरगी बोलून राह्यली.’’

‘‘बसा सर. पाव्हणे जेवायचे खोळंबलेत.’’

सर बसले. परतीच्या जीपमध्ये कोणी ताऱ्यांचा विषय काढला नाही.

घरी आलो तर, सरांनी मला घातलेल्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो आला होता: ‘सुजाताताईंचे बहुमोल मार्गदर्शन’. समोर एक भरदार फेटा, त्यामागे सुजाताचा अर्धा कान. मी चार ओळींची शिवी टाइप केली. पाठवणार, तोच खरात सरांच्या नावाशेजारचा फोटो बदलला. त्यांनी ग्रुपवरचा तोच लावला होता.

मी शिवी पुसली.