रंगपंचमीचा पळस

रंगपंचमीला मी अर्धी रजा टाकली तेव्हा ऑफिसातल्यांनी विचारलं, "होली तो हो गई ना?" आता त्यांना काय सांगणार, कपाळ! आमच्या गावी होळीनंतर पाचव्या दिवशी रंग खेळतात, आणि आई तो पळसाची फुलं उकळून करायची.

बाबा गेल्यावर, सहा महिन्यांपूर्वी, मी आईला गुरुग्रामला आणलं. सतराव्या मजल्यावर. आल्या आल्या ती एकदा एकटीच खाली उतरली आणि सारख्या दिसणाऱ्या इमारतींत हरवली. गार्डनं फ्लॅट नंबर विचारला, तर तो तिला आठवेना. तेव्हापासून ऑफिसला जाताना मी दाराला बाहेरून कुलूप घालायला लागले. तिच्याच भल्यासाठी, असं सगळ्यांना सांगायचे. आईनं बॅग भरून कोपऱ्यात ठेवली आणि रोज एकच धोशा लावला, मला गावी सोड. गावात आता कोण होतं तिचं? शेवटी मी सौदा केला: पळस दाखवते, मग दिवाळीपर्यंत गावाचं नाव काढायचं नाही. ती नुसती "बरं" म्हणाली.

सण आहे म्हणजे रस्ते रिकामे असणार, असं धरून मी आईला गाडीत मागे बसवून निघाले. अक्कल गहाण पडली होती माझी! सण आमच्या घरात होता, बाकी सगळ्यांचा कामाचा दिवस. मानेसरच्या अलीकडे कंपन्यांच्या बसेस, ट्रक, आणि रस्त्याच्या कडेला अडकलेल्या आम्ही. अर्धा तास गाडी हलली नाही. डावीकडे अरवलीच्या उतारावर मात्र पळस फुलला होता, एक पान नाही, नुसता केशरी.

आईनं मागचं दार उघडायला कडी ओढली. उघडेना. एकदा सिग्नलला ती उतरायला निघाली होती, म्हणून चाइल्ड लॉक मीच लावलेलं.

"उघड गं."

"आई, चालत्या रस्त्यात उतरतेस?"

"चालतोय कुठे रस्ता?"

"जरा गप्प बस ना यार! तुझ्यासाठीच आलेय ना मी?"

कडीवरचा हात मात्र ती काढेना. ओढायची, सोडायची. खट. खट. आणि मला तो आवाज ओळखू आला. सकाळी कुलूप घालून मी लिफ्टपाशी उभी राहते, तेव्हा मागून असाच येतो. रोज येतो, आणि रोज मी ऐकलं न ऐकल्यासारखं करते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी उतरले आणि बाहेरून दार उघडलं. रस्त्यालगत तारेचं कुंपण होतं. आई ते धरून उभी राहिली. पळस पलीकडे, दहा पावलांवर.

"थांब, कुठून तरी वाट असेल. फुलं आणते तुला."

"फुलं नकोत. घराची किल्ली दे."

"आणि पुन्हा हरवलीस तर?"

"तर विचारेन कुणालाही. तोंड आहे मला."

मागून हॉर्न वाजायला लागले. मी पर्समधून किल्ली काढून तिच्या हातात ठेवली.

दुसऱ्या दिवशी फ्लॅट नंबर कागदावर लिहून तिला दिला आणि कुलूप न घालता ऑफिसला गेले. दिवसभर जीव टांगणीला. संध्याकाळी दारापाशी येऊन सवयीनं पर्समध्ये हात घातला. किल्ली नव्हतीच. मग बेल वाजवली.

"आले गं, आले," आतून आवाज आला, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा आईनं मला दार उघडलं.