मी पुसलेली गाय

“गाय कुठे आहे?” लिओपोल्डने विचारलं.

झूमवर त्याचा कपाळापासून वरचा भाग तेवढा दिसत होता. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला कॅमेरा नीट धरायला शिकवण्याच्या भानगडीत आम्ही कोणी पडलो नव्हतो. आवाज मात्र खणखणीत होता.

“कुठली गाय?” मी म्हणालो.

मी सिडनीतल्या एका छोट्या कंपनीत जुने फोटो दुरुस्त करतो आणि क्लबांची, शाळांची पुस्तकं मांडून देतो. लॉकडाऊनमुळे आमच्या केलीव्हिलच्या घरातलं गॅरेज हेच माझं ऑफिस झालं होतं. हातात काम होतं ऑस्ट्रियातल्या एका चिमुकल्या फुटबॉल क्लबच्या इतिहासाचं. गाव एवढंसं, की क्लबमध्ये खेळणारे अकरा आणि बघणारे त्यांचे आईवडील. लिओपोल्ड तिथला जुना गोलकीपर. तरुणपणी सिडनीला आला आणि इथलाच झाला. पण सुरुवातीच्या फोटोतली माणसं ओळखणारा तो एकटाच उरला होता, म्हणून क्लबने आपला एकमेव अल्बम त्याच्याकडे धाडला होता. आम्ही तो स्कॅन केला आणि रजिस्टर्ड पोस्टाने परत पाठवला. पुस्तकाच्या कव्हरचा नमुना मी कालच लिओपोल्डला पाठवला होता.

“पहिल्या टीमच्या फोटोतली गाय. रेझी,” लिओपोल्ड म्हणाला. “कव्हरवरची.”

मी कव्हरची फाइल उघडली. गाय मीच पुसली होती.

इथे माझ्या पूर्वायुष्याबद्दल सांगायला हवं. ऑस्ट्रेलियात येण्याआधी मी पुण्यात पंधरा वर्षं लग्नाचे अल्बम केले. त्या धंद्याचा नियम सोपा असतो. जे घरचं नाही ते काढायचं. मांडवाची वायर, स्टुलावर चढलेला डेकोरेटर, नवरीच्या मागे जांभई देणारा वाढपी, सगळे साफ. त्यासाठी क्लोन नावाचं टूल असतं. शेजारचा चांगला तुकडा उचलायचा आणि नको त्या गोष्टीवर ठेवायचा. माझा हात त्यात इतका बसलाय, की डोकं वापरावं लागत नाही. तीच तर अडचण.

त्या फोटोत मागच्या रांगेतल्या दोघांच्या खांद्यांमधून एक डोकं डोकावत होतं. मला वाटलं, आलं कोणीतरी आगंतुक. गोठ्याच्या दोन फळ्या उचलल्या आणि रेझीवर ठोकल्या.

लिओपोल्ड सांगत होता, “मैदान रेझीच्या मालकाचं. त्याने दिलं ते एकाच अटीवर. टीमच्या फोटोत त्याची गाय हवी. तेव्हापासून दर वर्षी असते. गेल्या वर्षी कोविडमुळे फोटोच निघाला नाही. आता मालकाची मुलगी मारिया रुसून बसलीय. मैदानाचा करार या वर्षी संपतो. कव्हरवर रेझी दिसली तरच ती सही करणार आहे, आणि रेझी असेल असं मी तिला कळवलंय.”

“नो वरीज,” मी म्हणालो. “मूळ स्कॅन आहे ना.”

मूळ स्कॅन नव्हता. हार्ड डिस्क भरत आली होती, म्हणून मी मूळ फाइलवरच सेव्ह करत गेलो होतो. हे नवशिक्यालाही करू देत नाहीत. अल्बम पोस्टात होता आणि त्या दिवसांत पोस्ट कुठल्या खंडात आहे हेही कोणी सांगू शकत नव्हतं.

बॉसला, म्हणजे शेनला, फोन केला.

“मेट, फाइल शुक्रवारी प्रेसला जाते,” तो म्हणाला. “गाय आण.”

“कुठून?”

“तू इंडियन आहेस ना? यू टेल मी.”

संध्याकाळी जेवताना घरात ही बातमी फुटली. बायको, मृणाल, घास तोंडात ठेवून हसत राहिली. “अख्ख्या सिडनीत गाय पुसायला तूच सापडलास!”

मुलगी इरा नववीत आहे. ती म्हणाली, “बाबा, जस्ट पेस्ट अनदर काऊ. हू विल नो?”

दुसऱ्या दिवशी व्यायामाच्या नावाखाली निघालो. पाच किलोमीटरच्या आत राहायचं बंधन होतं. नशिबाने तेवढ्यात एक कुरण सापडलं. कुंपणाला टेकून मास्क लावून पाऊण तास “ये, ये” करत उभा राहिलो. शेवटी एक डोकं वळलं. घरी येऊन ते काळंपांढरं केलं, फळ्या काढून बसवलं आणि लिओपोल्डला पाठवलं.

दहा मिनिटांत फोन.

“हिच्या कानात प्लास्टिकचा बिल्ला आहे. नंबरासकट. आमच्या वेळी नव्हते.”

“काढतो.”

“शिवाय हा बैल आहे.”

मी फोटो मोठा करून पाहिला. बैलच होता. मग तो हळूच म्हणाला, “तुझ्याकडे रेझी नाहीये, हो ना?”

“नाही. माझ्या हातून पुसली गेली.”

“मी मारियाला शब्द दिलाय रे.” त्याने फोन ठेवला.

मी गॅरेजमधून उठून स्वयंपाकघरात गेलो. आई देवासमोर बसली होती. ती तीन महिन्यांसाठी आली होती आणि विमानं बंद झाल्यामुळे दीड वर्ष इथेच होती. मी तिला सगळं सांगितलं.

“कुठली, ही का?” तिने बाळकृष्णाच्या मागून एक कागद काढला.

काम सुरू करण्याआधी उजेड-काळोख तपासायला मी एक टेस्ट प्रिंट काढतो आणि फेकून देतो. ती तीच होती. अकरा गोलमटोल ऑस्ट्रियन आणि मध्ये रेझी. रेझीच्या कपाळावरच्या पांढऱ्या पट्ट्यावर हळदकुंकवाचा जाड थर, त्यात एक अक्षत चिकटलेली.

“कचऱ्यात टाकली होतीस,” आई म्हणाली. “वसुबारसेला इथे गाय कुठून आणणार? म्हणून ठेवली. आणि ठेवलीच आहे, तर रोज हळदकुंकू लावते.”

“आणि बाकीच्या अकरा जणांना?”

“त्यांना कशाला?”

पुढचं काम सोपं निघालं. रंगीत स्कॅन केलं, की चित्राचे लाल, हिरवा, निळा असे तीन थर मिळतात. लाल थरात कुंकू आणि हळद जवळपास पांढरी होऊन कागदात मिसळतात. अक्षतेचा ठिपका तेवढा हाताने काढला. रेझी जशीच्या तशी बाहेर आली, जरा रागावलेली.

लिओपोल्डला मी दोन्ही पाठवल्या. साफ केलेली आणि कुंकवाची. त्याने लगेच झूम लावला. कॅमेरा या वेळी खाली सरकला होता, त्यामुळे डोळे दिसले.

“आमच्या क्लबने तिला कधी हारही घातला नाही,” तो म्हणाला. “कुंकवाचीही पुस्तकात घाल.”

कव्हरवर कुंकू लावायला शेन तयार झाला नाही. कव्हरवर साधी रेझी गेली, शेवटच्या पानावर नटलेली. मारियाने करारावर सही केली. नंतर लिओपोल्डने कळवलं, की तिने ते शेवटचं पान फाडून गोठ्यात लावलंय.

माझ्यापुरतं एवढंच, की आता मूळ फाइलला हात लावत नाही. आणि टेस्ट प्रिंट फेकण्याआधी आईला विचारतो.