रबरी बोटीतली ती आपटी

बडनेऱ्यात पंक्चरच्या दुकानासमोर तापलेल्या रबराचा वास आला आणि मी मनानं थेट त्या धरणावर पोचले. नवीनच लग्न झालं होतं. हवा भरलेल्या बोटीच्या काठावर आम्ही दोघं बसलो होतो. लाटेवर बोट उसळली आणि हे धाडकन आतल्या फळीवर कमरेनं आदळले. ओल्या साडीत मी पोट धरून हसत होते.

"उठा ना, सारे पाहून राहिले!"

"थांब वं, पायाले मुंग्या आल्या," हेही हसतच म्हणाले.

त्या मुंग्या गेल्याच नाहीत. आधी ट्रॅक्टर चालवणं सुटलं, मग चालणं. मणक्याच्या ऑपरेशननंही फरक पडला नाही. आता कूस बदलायलाही यांना मी लागते.

आज सकाळी उठवायला गेले, तर मान भिंतीकडे वळवून म्हणाले, "राहू दे. मले आता उठवू नको."

मी तरीही त्यांच्या पाठीखाली हात घातला.