अल्सर सांग, अल्सर

भूतबित म्हटलं की हसून विषय बदलणारी मी. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच ऑकवर्ड होतंय... पण दोन वर्षं पोटात ठेवून आता कंटाळले.

मी नवी मुंबईत महापेला एका कंपनीत चिनी भाषेची दुभाषी आहे. आमचे इंजिनीअर चेन सर बायकोला घेऊन चीनहून आलेले. मेईवहिनींना चिनीशिवाय काही येत नव्हतं. त्यांना पोटाचा कॅन्सर निघाला, तेव्हा डॉक्टरांकडे सोबत मीच जायचे. रिपोर्टच्या दिवशी लिफ्टपाशी चेन सर म्हणाले, "तिला अल्सर सांग, अल्सर. आमच्याकडे पेशंटला हे सांगत नाहीत. धीर खचतो." मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आपल्याकडे तरी काय वेगळं असतं? डॉक्टर विचारायचे, "नीट समजावलं ना?" मी बिनदिक्कत "हो" म्हणायचे.

घोटाळा दुसऱ्या केमोनंतर झाला. ओकून ओकून वहिनी अर्ध्या झाल्या होत्या. "साध्या अल्सरला एवढं कशाला? मी नाही घेणार," म्हणून हटूनच बसल्या. सकाळची ओपीडी, बाहेर ही गर्दी! डॉक्टर वैतागले — "मॅडम, आता थांबवलं तर केस हातची जाईल, सांगा त्यांना!" चेन सर माझ्याकडे बघून मानेनंच नको नको करतायत.

तेवढ्यात वहिनींनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "पोरी, मना काय झायलाय, सांग ना गो."

आमच्या नावडे गावची आगरी बोली... आणि आवाज माझ्या आईचा. आई कॅन्सरनेच गेली. तिला आम्ही शेवटपर्यंत 'पोटाला सूज आहे' असंच सांगितलं. तिने एकदा हेच, अगदी याच शब्दांत विचारलं होतं, तेव्हा फोन आल्याचं नाटक करून मी बाहेर पळाले होते.

या वेळी नाही पळाले. रडत रडत सगळं सांगून टाकलं, चिनीत.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "घेते केमो. पण माझ्या मुलीला बोलवा." मुलगी चीनहून आली. दोघींना आठ महिने मिळाले, मग वहिनी गेल्या. चेन सर अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

डॉक्टर आणि चेन सर, दोघंही सांगतात की वहिनी तेव्हा काही बोलल्याच नाहीत, नुसता हात धरला. माझी बहीण म्हणते, टेन्शनमुळे भास झाला असेल. असेलही... मला पटत नाही. सलतं ते एवढंच — कळल्याबरोबर वहिनींनी मुलीला बोलावून घेतलं. माझ्या आईला कुणाला बोलवायचं होतं, ते आम्ही तिला विचारलंच नाही.