नळीतला रंग
स्पिरिटचा वास आला की मला मंगळवार पेठेतली जिन्याखालची ती खोली आठवते. नव्वदच्या दशकात मी एका वर्तमानपत्रात नोकरीला होतो आणि वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. खाली घरमालक एकटेच राहत. त्यांना मधुमेह होता. रोज सकाळी ते काचेच्या नळीत निळं औषध घेत, त्यात लघवीचे थेंब टाकून स्पिरिटच्या दिव्यावर उकळत आणि मला हाक मारत, "ओ पेपरवालं, रंग बघा की. मला दिसंना झालंय." रंग निळाच राहिला तर साखर नाही, विटकरी झाला तर फार. एका सकाळी तो विटकरी झाला. मुलगी येणार म्हणून आणलेला वाडीच्या पेढ्यांचा पुडा शेजारी रिकामा पडला होता. मुलगी आलीच नव्हती. मी म्हणालो, "निळाच आहे." ते हसले. "असल्याच बातम्या छापता व्हय? विटकरी हाय की. लख्ख दिसतंय मला." मी विचारलं, "मग रोज मला कशाला बोलावता?" दिव्यावर टोपण ठेवत ते म्हणाले, "मग कुणाला बोलवू?" आता मधुमेह मला आहे. यंत्रावरचा आकडा चष्म्याशिवायही दिसतो, तरी रोज सकाळी रिकाम्या स्वयंपाकघरात मी तो मोठ्याने वाचतो.