अंतराळातलं हेल्मेट आणि सुजाताची सोयरीक

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरत होतं तेव्हा मी अंतराळात होतो.

म्हणजे शरीरानं बल्लारपुरातच होतो. आमच्या मधल्या खोलीत, तांदळाच्या कोठीवर बसलेला. पण डोकं अंतराळात होतं, आणि ते परत यायला तयार नव्हतं!

झालं असं, की माझा मित्र दिलीप तेव्हा मुंबईला सिनेमाचं सामान बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये कामाला होता. तलवारी, मुकुट, राक्षसांची शिंगं, असला सगळा माल. तिथं कुण्या परदेशी अंतराळपटातल्या कप्तानाच्या हेल्मेटची हुबेहूब नक्कल बनली होती आणि ती न्यायला कुणी आलंच नाही. दिलीपनं गावी येताना ते हेल्मेट माझ्यासाठी उचललं. रेल्वेच्या जनरल डब्यात लोक त्याच्यावर बसून आले. (दिलीपसुद्धा, असा मला दाट संशय आहे.) टाळूला तडा, एक कान गायब, डोळ्यांपुढची काच फुटलेली, रंगाचे पोपडे. आईनं ते उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "कोंबडी बसवाले आणलं काय रे?"

मी ते तिच्या हातून काढून घेतलं. मी प्रेमात पडलो होतो.

मी कागदाच्या मिलमध्ये कारकून. त्या मिलचा वास गावावर पांघरुणासारखा पसरलेला असायचा. ज्यांनी तो घेतलाय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी घेतला नाही त्यांना सांगून उपयोग नाही. पण ते हेल्मेट मी पहिल्यांदा डोक्यात घातलं आणि वास गेला! मिलचा भोंगा लांबून, पाण्याखालून आल्यासारखा ऐकू आला. माझाच श्वास मला मोठा, संथ ऐकू यायला लागला, एखादं यान चाललंय तसा. अंगणातल्या कडुलिंबाखाली खाट टाकून मी पडलो. वरून पिवळी पानं गिरक्या घेत खाली येत होती. बघता बघता वाटायला लागलं, पानं खाली येतच नाहीत, मीच वर चाललोय.

"काहो," माझी बायको वंदना खाटेपाशी येऊन म्हणाली, "नळ आला. पाणी भराचं आहे."

"कोणत्या ग्रहावर?" मी विचारलं.

त्या दिवशी मला जेवण बरंच उशिरा मिळालं.

हेल्मेटला पुन्हा कप्तानाच्या डोक्याच्या लायकीचं करायचं, असं मी ठरवलं आणि बसस्टँडमागे सत्तारभाईंकडे गेलो. सत्तारभाई स्कूटर आणि टेम्पो रंगवायचे. त्यांनी हेल्मेट हातात घेतलं, ठोकून पाहिलं. "मिलिंदभाऊ, ये कौन सी गाडी का पार्ट है?"

"गाडीचा नाई. अंतराळातला."

सत्तारभाई गंभीर झाले. "वहाँ धूल रहती क्या? मतलब, कलर उस हिसाब से मारना पडेगा."

मला गहिवरूनच आलं. इतक्या वर्षांत गावात मला समजून घेणारा पहिला माणूस भेटला होता!

मग रोज मिल सुटली की मी त्यांच्या दुकानात. आम्ही तडा लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, बुजवला, लांबी वाळली की पॉलिश पेपरनं घासली, घासून पुन्हा खड्डा पडला की पुन्हा लांबी भरली. पांढरी धूळ उडायची, तिरक्या उन्हात चमकायची, आणि सत्तारभाई त्या धुळीकडे बघत म्हणायचे, "भाऊ, मेरे को बचपन से चाँद पे जाने का था. अब्बा बोले, पहले राजुरा जाके आ." राजुरा म्हणजे नदीपलीकडचं गाव. रस्त्यानं सायकली जात, भजी तळल्याचा वास येई, आणि आम्ही दोन संसारी पुरुष एका पोकळ डोक्याला प्रेमानं घासत बसायचो.

फुटक्या काचेच्या जागी निळं प्लॅस्टिक आलं. घरच्या ट्रान्झिस्टरचा एरिअल टाळूवर बसला. (ट्रान्झिस्टर त्यानंतर फक्त खरखरत असे.) हरवलेल्या कानाच्या जागी मसाल्याच्या डब्यातली हळदीची वाटी अशी काही चपखल बसली, की ती मूळची तिथलीच वाटावी.

"हळदीची वाटी कुठी गेली?" वंदना घरभर विचारत होती.

"असंल इथीच," मी म्हणालो. ते अगदीच खोटं नव्हतं.

रंगावरून मात्र आमचं वाजलं. मला चंदेरी हवा होता, सत्तारभाईंना आसमानी. शेवटी दोन्ही मिसळून कॉम्प्रेसरनं मारला आणि काय सांगू! चांदण्यात बुडवून काढल्यासारखं दिसत होतं ते. मी फिरवून मागची बाजू पाहिली. तिथं लाल, वळणदार अक्षरांत लिहिलं होतं: 'फिर मिलेंगे'.

"हे काऊन लिहिलं?"

"पीछे से खाली खाली लग रहा था."

आता सुजाताचं सांगतो. माझी ही बहीण गडचिरोलीला नर्स. आलेलं प्रत्येक स्थळ ती दारातूनच वाटेला लावायची. पण मुलचेऱ्याचा प्रशांत, शेती खात्यातला, तिला कुणाच्या तरी लग्नात दिसला होता, आणि त्याच्याबद्दल ती "पाहू" म्हणाली होती. सुजाताचं "पाहू" म्हणजे इतरांचं बँडबाजासकट "हो"! प्रशांत आणि त्याचे वडील रविवारी घरी येणार होते. आईनं पडदे धुतले, वंदनानं मला बजावलं, "आज ते डोक्स्यात घालाचं नाई. आयकलं काय?"

"नाई घालत."

आणि मी खरंच घालणार नव्हतो. पण आदल्या दिवशीच मी हेल्मेटला आतून जुन्या सोफ्याचा फोम पंक्चरच्या सोल्यूशननं चिकटवला होता. तो बसला की नाही एवढंच बघायचं होतं. निव्वळ माप! डोकं आत गेलं, कान दुमडले, फोम दबला, आणि ते सुर्रकन खाली येऊन असं बसलं जसं माझ्यासाठीच ओतलंय. मी समाधानानं एक श्वास घेतला. मग काढायला गेलो.

"काहो! काढा ते. पाहुणे येऊन राह्यले."

"निघून नाई राह्यलं."

"काऊन?"

"कान!" मी ओरडलो. "कान आडवे येऊन राह्यले!"

वंदनानं ओढलं. मान लांब झाली, हेल्मेट जागीच. आई म्हणाली, "खाली दाबून पाय, मंग उचल." दाबलं. आणखी घट्ट बसलं! तेवढ्यात दारात "जय भीम!" झालं. आयुष्यात कधी वेळेवर न आलेली मुलचेऱ्याची एसटी नेमकी त्या दिवशी वेळेवर आली होती. दोघींनी मला मधल्या खोलीत ढकललं, कोठीवर बसवलं. "चूप बसा. श्वाससुद्धा हळू घ्या."

मी बसलो. खोली निळी होती. दारावरचा पडदा निळा, भिंत निळी, माझे हात कुणा दुसऱ्याचे असावेत तसे निळे. बैठकीतले आवाज गुळगुळीत होऊन माझ्याभोवती तरंगत होते. फोमची ऊब, हळदीचा वास, स्वतःचा संथ श्वास. कधी डोळा लागला कळलंच नाही. मी खूप उंचावर होतो. खाली वर्धा नदी चांदीच्या तारेसारखी पडली होती, मिलचा धूर लोकरीच्या धाग्याएवढा, आणि अंगणात इवलीशी सुजाता पिवळी साडी नेसून मला हात करत होती. मला तिला काहीतरी सांगायचं होतं. फार मोलाचं होतं ते. पण तोंड कोरडं पडलं होतं.

तहानेनं जागा झालो तर बाहेरून आईचा आवाज आला, "मिलिंद..." पुढचं ऐकूच आलं नाही. आई बोलवतेय म्हटल्यावर गेलं पाहिजे. गेलो. (आई म्हणत होती, "मिलिंद नागपूरले गेला जी," हे मला नंतर कळलं.)

एरिअल पडद्यात अडकला. पडदा दांडीसकट निघाला आणि माझ्या मागोमाग बैठकीत आला. खांद्यावरून लोळणारा धुतलेला पडदा, टाळूवर थरथरता एरिअल, कानाला वाटी. प्रशांतच्या वडिलांचा पोह्यांचा चमचा हवेतच थांबला.

"हे... कोण जी?"

आईनं पदर सावरला. "हाच मिलिंद. आला ना नागपूरवरून!"

"फटफटीनं?"

"हव."

ते जंगल खात्यातून निवृत्त झालेले, करारी मिशांचे गृहस्थ. त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "वा! आपल्या भागात हेल्मेट घालून फिरणारा माणूस पहिल्यांदा पाहून राह्यलो. जबाबदार आहे पोरगा!" मी आतल्या आत फुललो. (तेवढीही जागा नव्हती.) "पण घरात तरी काढा ना जी आता."

मला पळून जाणं हाच एक मार्ग दिसला. मी पाठ फिरवली.

"फिर मिलेंगे," त्यांनी मोठ्यानं वाचलं.

तेव्हा सुजाता उठली. दाखवायला बसवलेल्या मुलीनं खाली बघत बसायचं असतं, पण ती उठली, पदर खोचला आणि माझ्यावर खेकसली, "दादा, खाली बस. वहिनी, खोबरेल द्या." प्रशांतनं बशी बाजूला ठेवली. "मी धरू काय यायले?"

"खांदे दाबून धरा. नाई, तसे नाई. हव, असे."

"यायले दुखून राह्यलं काय?"

"दुखू द्या."

तो हसला, मग तीही हसली. मानेवरून तेल ओघळत होतं आणि निळ्या प्लॅस्टिकमधून मला त्यांचे चेहरे दिसत होते, एकमेकांकडे झुकलेले, खोल पाण्यातले असावेत तसे. त्यानं विचारलं, "नाइट ड्यूटी किती राह्यते तुम्हाले?" तिनं सांगितलं. तिनं विचारलं, "मुलचेऱ्याले पोस्टिंग पक्कं आहे?" त्यानं सांगितलं. ओढायचं दोघंही विसरले होते! मी मध्ये बसलो होतो, त्यांचे चार हात माझ्यावर टेकलेले, आणि मला इतकं शांत, इतकं हलकं वाटत होतं, की पाणी मागायचंही राहून गेलं.

मग एकदम फट्कन आवाज झाला आणि जगाचा उजेड माझ्या अंगावर आला. कान लालबुंद, केसांत फोमचा चुरा, गालावर हळद. वाटी गडगडत जाऊन पाहुण्यांच्या पायाशी थांबली.

"हळदीची वाटी!" वंदना किंचाळली.

प्रशांतच्या वडिलांनी वाटी उचलून तिच्या हाती दिली. पोरगा अजून सुजाताकडेच बघतोय हे त्यांनी पाहिलं, घसा खाकरला. "बाई, मुलगी आमाले पसंत आहे. पण एक गोष्ट इचारू काय? राग नका मानू." माझ्याकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. "हे... घराण्यातच आहे काय? म्हणजे, उद्या लेकराबाळायचा प्रश्न आहे."

"नाई जी!" आईनं छातीवर हात ठेवला. "याच्या बापात नव्हतं, आज्यात नव्हतं. हे आमच्या घरी यानंच आणलं."

बहिणीच्या भल्याचा प्रश्न होता, म्हणून मीही जोरजोरात मान हलवून त्याला दुजोरा दिला.